सायप्रसची हिरवी रेषा : पलीकडे कसे जावे आणि बिनघोर परत कसे यावे

सायप्रसमध्ये फिरताना एक गोष्ट नीट कळली की बाकीच्या अडचणी आपोआप उलगडतात. बेटाच्या मधोमध जी रेषा आहे तिला दक्षिणेकडचे सरकार सीमा मानत नाही आणि उत्तरेकडचे प्रशासन मात्र सीमाच मानते. व्हिसा, गाडीचा विमा, मोबाइल, खरेदी, नकाशावरची नावे, पर्यटक कुठेही अडकला तरी खोदत गेल्यावर मूळ याच मतभेदात सापडते.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९६० साली सायप्रस ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत, म्हणजे बेटावरच्या दोन समाजांत, दंगली उसळल्या, तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने दोन वस्त्यांमधली रेघ ओढली. ‘ग्रीन लाइन’ हे नाव तिथले. जुलै १९७४ मध्ये ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झाले आणि पाच दिवसांनी, २० जुलैला, तुर्कस्तानचे सैन्य उतरले. बेटाचा एकतृतीयांशाहून जास्त भाग तेव्हापासून वेगळा आहे. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. त्याला मान्यता आहे ती फक्त तुर्कस्तानची. मधला सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेकडे आहे. निकोसियाच्या जुन्या शहरात तो काही पावलांत संपतो, तर काही ठिकाणी सात किलोमीटरांहून रुंद होतो. २३ एप्रिल २००३ पर्यंत सामान्य माणसाला ही रेषा ओलांडणे जवळजवळ अशक्यच होते. आज एकूण नऊ नाके उघडे आहेत.

तिकीट काढतानाच होणारी चूक

मुंबईहून सायप्रसची तिकिटे शोधताना इस्तंबूलमार्गे एर्जान असा स्वस्त पर्याय दिसू शकतो. भारतीय पासपोर्टवर दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर तो घेऊ नका. एर्जान उत्तरेत आहे आणि तिथली सगळी विमाने तुर्कस्तानमार्गेच येतात. सायप्रस प्रजासत्ताकाच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सरकारच्या, लेखी एर्जान विमानतळ, तसेच गिर्ने आणि गाझीमाउसा ही बंदरे म्हणजे बेकायदा प्रवेशद्वारे. तिथून आलेल्या भारतीय प्रवाशाला नाक्यावरून दक्षिणेत सोडत नाहीत. खिशात सायप्रसचा व्हिसा असला तरी प्रश्न उरतोच, कारण आक्षेप तुम्ही कोणत्या दाराने आलात यावर असतो.

तेव्हा तिकिटावर लार्नाका (एलसीए) किंवा पाफोस (पीएफओ) हीच नावे हवीत. ईसीएन दिसले तर ते एर्जान. भारतातून येणाऱ्यांसाठी दुबई किंवा दोहामार्गे लार्नाका हा सोयीचा रस्ता, युरोपात आधी फिरणार असाल तर अथेन्समार्गे.

परतीचेही तसेच. लार्नाकाला उतरून, उत्तर पाहून, गिर्नेहून बोटीने तुर्कस्तानात जाण्याचा बेत नकाशावर सुंदर दिसतो. पण मग तुम्ही बेट सोडल्याची नोंद प्रजासत्ताकाकडे होतच नाही. कागदोपत्री तुम्ही अजून सायप्रसमध्येच आहात आणि मुदत उलटून राहिलेले ठरता. पुढच्या युरोपीय व्हिसाच्या अर्जाला हे महागात पडते. ज्या बाजूने आत, त्याच बाजूने बाहेर.

व्हिसा आणि दिवसांचा हिशेब

सायप्रस २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) तो अजून आलेला नव्हता. सामील होण्याची तयारी मात्र जोरात आहे. म्हणून नियम तिकिटाआधी एकदा ताजे बघून घ्या. आजवरची पद्धत अशी : भारतीयांना सायप्रसचा अल्प मुदतीचा व्हिसा लागतो, आणि तो देणारे उच्चायुक्तालय दिल्लीत आहे (सायप्रस राष्ट्रकुलात आहे, म्हणून दूतावास नव्हे, उच्चायुक्तालय). दोन किंवा अधिक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असेल तर त्यावरही प्रवेश मिळतो. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा चालत नाही, आणि ही ओळ न वाचता विमानतळावर पोचणारे पुष्कळ. शेंगेनवर येणार असाल तर आधी एखाद्या शेंगेन देशात पाय ठेवून मग सायप्रसला यावे. विमान कंपनीच्या काउंटरवरचा वाद त्याने टळतो.

सायप्रसचा एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर उत्तरेत जाऊन परत येता येते का, ही शंका हमखास येते. येते. दक्षिणेच्या लेखी तुम्ही देश सोडलेलाच नसता, त्यामुळे प्रवेश खर्ची पडत नाही. पण याच तर्काची दुसरी बाजू अशी की उत्तरेत घालवलेले दिवसही तुमच्या मुक्कामातच मोजले जातात. १० दिवसांचा व्हिसा असेल आणि चार दिवस गिर्नेत काढले, तर उरले सहा.

पायी : लेड्रा स्ट्रीटचा नाका

पहिल्यांदा जाणाऱ्याने गाडी बाजूला ठेवावी आणि निकोसियाच्या जुन्या शहरातून चालत जावे. लार्नाका विमानतळावरून निकोसियाला शटल बस येते, अंतर पन्नासेक किलोमीटर. ती शहराच्या कडेला सोडते. तिथून लेड्रा स्ट्रीटपर्यंत शहरी बस किंवा टॅक्सी. ओलांडण्याआधी लेड्रा स्ट्रीटवरच्या शाकोलास टॉवरच्या अकराव्या मजल्यावरची गच्ची बघून घ्या. तिथून दोन्ही निकोसिया, मधला ओसाड पट्टा आणि उत्तरेच्या डोंगरावर रंगवलेला प्रचंड झेंडा एका नजरेत येतो, आणि खाली उतरल्यावर दिशा चुकत नाही.

लेड्रा स्ट्रीटचा नाका ३ एप्रिल २००८ ला उघडला. तुर्की बाजूला त्याचे नाव लोकमाजी. फक्त पादचाऱ्यांसाठी आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. दुकानांची रांग चालू असतानाच आधी ग्रीक सायप्रियट पोलिसांची खिडकी लागते. जाताना ते फारसे विचारत नाहीत, पण भारतीय पासपोर्ट दाखवून “परत येताना अडचण नाही ना?” एवढे विचारून पुढे जावे, कारण परतीचा निर्णय त्यांचाच असतो. मग काही पावले संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यातून, दोन्हीकडे बंद इमारती. त्यानंतर तुर्की सायप्रियटांची खिडकी. पासपोर्ट द्यायचा, ते संगणकात नोंद करतात आणि परत देतात. पूर्वी इथे एक चिठ्ठी भरावी लागे आणि तिच्यावर शिक्का बसे. मे २०१५ मध्ये ती पद्धत बंद झाली. तरी कुणी शिक्का उचललाच तर तो वेगळ्या कागदावर मारायची विनंती करावी. गर्दी नसेल तर सगळा कारभार पाच-दहा मिनिटांचा.

परत येताना क्रम उलटा, आणि खरी तपासणी इथेच. ग्रीक सायप्रियट पोलीस व्हिसाचे पान आणि लार्नाकाचा प्रवेशाचा शिक्का पाहतात, पिशवीही उघडायला सांगू शकतात. म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. छायाप्रत, फोनमधला फोटो, आधार कार्ड, यातले काही चालत नाही. हॉटेलने पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर तो आधी मागून घ्या. तो उत्तरेत हरवला तर काम अवघड होते : भारत उत्तरेला मान्यता देत नाही, आपले उच्चायुक्तालय दक्षिण निकोसियात, आणि तिथपर्यंत पोचायला जो कागद लागतो तोच हरवलेला. पासपोर्ट आणि व्हिसाच्या रंगीत प्रती दक्षिणेतल्या सामानात ठेवल्या तर निदान बोलणे सुरू करायला आधार राहतो.

शहरातला दुसरा पादचारी नाका म्हणजे लेड्रा पॅलेस. नावसाधर्म्यामुळे लोक गोंधळतात. दोन्हींत पंधरा-वीस मिनिटांचे चालणे आहे. हा नाका शांत आहे, पट्टाही इथे रुंद आहे. वाटेत जुने लेड्रा पॅलेस हॉटेल आणि त्याच्यासमोर दोन्ही समाजांनी मिळून चालवलेले ‘होम फॉर कोऑपरेशन’ लागते. तिथल्या कॅफेत दोन्ही बाजूंची माणसे एकत्र बसतात. पट्ट्याच्या आत बसून कॉफी पिता येईल अशी जागा बेटावर क्वचितच मिळेल. एकदा इकडून जाऊन तिकडून यावे.

गाडी घेऊन

वाहतूक डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे. ब्रिटिशांची देणगी, आपल्या सवयीची. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. खरा प्रश्न विम्याचा.

दक्षिणेत भाड्याने घेतलेल्या गाडीचा विमा रेषेपलीकडे लागू होत नाही. काही कंपन्या गाडी पलीकडे न्यायलाच करारात मनाई करतात, काही ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणून सोडतात. सही करण्याआधी ते कलम शोधून वाचा. परवानगी असेल तर उत्तरेच्या चौकीजवळच विम्याच्या खिडकीवर ठरावीक दिवसांचा विमा विकत घ्यावा लागतो. तीसेक युरो सुटे जवळ ठेवा. हा विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा असतो. तुमच्या गाडीला खरचटले, काच फुटली, इंजिन बंद पडले, तर सगळा खर्च तुमचा, आणि गाडी ओढून परत आणणे हा निराळा व्याप. दक्षिणेची कंपनी पलीकडे माणूस पाठवत नाही.

उलट बाजूने, उत्तरेत भाड्याने घेतलेली गाडी दक्षिणेत आणता येत नाही. म्हणून ज्यांना दोन-तीन दिवस उत्तरेत हिंडायचे आहे त्यांनी लेड्रा स्ट्रीटवरून पायी जाऊन पलीकडे वेगळी गाडी घेणे शहाणपणाचे. दोन करार होतात, पण रात्री झोप लागते.

निकोसियात गाडीसाठीचा नाका आयिओस दोमेतिओस, तुर्की नाव मेतेहान. उत्तरेत पेट्रोल स्वस्त पडते म्हणून दक्षिणेतले लोक टाकी भरायला जातात, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार-रविवार इथे मोटारींची शेपटी लांबत जाते. सकाळी नऊच्या आत जा. पूर्वेकडे गाझीमाउसासाठी डेरिनियाचा नाका (नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडला) किंवा ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीतला स्ट्रोव्हिलिया बरा. तळाची हद्द म्हणजे ब्रिटनचे सार्वभौम क्षेत्र. एका छोट्या बेटावर तिसरी हुकमत, हेही इथलेच.

एका गावाची दोन नावे

उत्तरेतल्या पाट्यांवर फक्त तुर्की नावे असतात, दक्षिणेच्या नकाशात ग्रीक, आणि मार्गदर्शिकांत तिसरीच. फोनवर किंवा दोलमुशच्या, म्हणजे तिथल्या छोट्या बसच्या, फलकावर गाव सापडत नाही ते यामुळे. निकोसिया म्हणजे ग्रीकांचे लेफ्कोसिया, तुर्कांचे लेफ्कोशा. कायरेनिया म्हणजे गिर्ने. फामागुस्ता म्हणजे ग्रीक आमोखोस्तोस, तुर्की गाझीमाउसा, बोलताना नुसते माउसा. मॉर्फू म्हणजे गुझेलयुर्त. वारोशा म्हणजे मराश. वहीत एवढी पाच लिहून ठेवली तरी भागते.

दोलमुश ठरावीक मार्गावर धावते, आपल्याकडच्या वडापसारखी, जरा नीटनेटकी. लेफ्कोशाहून गिर्ने सुमारे २५ किलोमीटर, अर्धा तास. गाझीमाउसा साठेक किलोमीटर, तासाभरावर. संध्याकाळनंतर फेऱ्या विरळ होत जातात. शेवटची किती वाजता आहे ते उतरतानाच चालकाला विचारा, नाहीतर टॅक्सी.

फोन आणि पैसे

दक्षिणेत घेतलेले सिमकार्ड युरोपीय संघात रोमिंगशिवाय चालते, पण उत्तरेत नाही. तिथे तुर्की कंपन्यांचे मनोरे आहेत. गंमत अशी की रेषेच्या अलीकडे, निकोसियाच्या हॉटेलात बसलेले असतानाही फोन पलीकडचा मनोरा पकडू शकतो, आणि एखाद्या व्हिडिओची किंमत जेवणापेक्षा जास्त होते. जुन्या शहरात असाल तेव्हा डेटा रोमिंग बंद, नेटवर्कची निवड आपोआपऐवजी हाताने. पलीकडचे नकाशे आधीच उतरवून घ्या.

दक्षिणेत युरो, उत्तरेत तुर्की लिरा. उत्तरेतले दुकानदार युरो आनंदाने घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे लिरात. एका दिवसासाठी लहान नोटांचे युरो पुरतात. राहणार असाल तर तिथे लिरा बदलून घ्या. रुपये दोन्हीकडे निरुपयोगी. चार्जरसाठी ब्रिटिश धाटणीचा चौकोनी तीन दांड्यांचा अडॅप्टर लागतो, आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही.

आणीबाणीचे क्रमांक वेगळे आहेत. दक्षिणेत सगळ्यासाठी ११२. उत्तरेत ११२ ही रुग्णवाहिका, पोलीस १५५, अग्निशमन १९९. प्रवासविमा घेताना ‘सायप्रस’ या शब्दात उत्तर भाग येतो का, हे विमा कंपनीकडून लेखी मागा. बरेच विमे तो वगळतात, आणि गिर्नेच्या दवाखान्यात हे कळून उपयोग नसतो.

कॅमेरा कुठे खाली करायचा

उत्तरेत तुर्की सैन्याचे तळ वस्तीला खेटून आहेत. लाल पाटीवर सैनिकाची आकृती दिसली की तिथे थांबायचे नाही आणि फोटो काढायचा नाही. सेंट हिलॅरियनच्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता लष्करी हद्दीतूनच जातो; तिथे वळणावर गाडी थांबवून दरीचा फोटो काढणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. किल्ल्यावर पोचल्यावर काढा हवे तेवढे. संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यात, नाक्यांच्या खिडक्यांसमोर, वाळूच्या पोत्यांच्या चौक्यांसमोरही मोबाइल खिशात. ड्रोन घरीच ठेवा. ग्रामीण भागात पट्ट्याजवळ पायवाटा सोडून शेतात शिरू नका. काही जागी भूसुरुंगांचा धोका अजून आहे आणि लाल त्रिकोणी पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

वारोशाला वेगळे भान लागते. १९७४ मध्ये रहिवासी पळाले ते परतलेच नाहीत, आणि समुद्राकाठचे हे अख्खे उपनगर कुंपणाआड गेले. ऑक्टोबर २०२० पासून त्यातले काही रस्ते आणि किनारा लोकांना खुला केला आहे. भाड्याची सायकल मिळते, इमारतींत शिरायला सक्त मनाई. तिथल्या घरांचे मालक आज दक्षिणेत हयात आहेत, त्यातले काहीजण कुंपणापाशी उभे राहून आपले घर शोधतात. तुटक्या खिडकीसमोर हसरे सेल्फी काढणारा पर्यटक त्यांना दिसत असतो.

काय आणता येते, काय नाही

उत्तरेतून दक्षिणेत येताना सीमाशुल्काचे नियम लागू होतात. व्यक्तिगत वस्तू २६० युरोपर्यंत, सिगारेटी ४०, मद्य १ लिटर. दूध आणि मांसाचे पदार्थ आणू नका. पलीकडचे हेल्लिम चीज कितीही आवडले तरी तिथेच खाऊन संपवा, इकडे तेच हल्लूमी म्हणून मिळते. लेफ्कोशाच्या बाजारातल्या नामांकित ब्रँडच्या नकली बॅगा आणि बूट नाक्यावर जप्त होतात.

आणि जमीन. समुद्रकाठचा फ्लॅट स्वस्तात देणाऱ्या उत्तर सायप्रसच्या जाहिराती भारतीयांच्या फोनवरही फिरतात. त्यातली पुष्कळ जमीन १९७४ मध्ये विस्थापित झालेल्या ग्रीक सायप्रियटांच्या नावावर आहे. अशा व्यवहारांवर प्रजासत्ताकात फौजदारी खटले चालतात आणि गेल्या काही वर्षांत विकासक, दलाल यांना अटकाही झाल्या आहेत. कॉफी प्या, माहितीपत्रक हातात घेऊ नका.

बोलताना

दक्षिणेत ‘बॉर्डर’ म्हणालात तर समोरचा दुरुस्त करील, ‘चेकपॉइंट’ म्हणा. गावांसाठी ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे शब्द दोन्हीकडे खपतात. कॉफी मागताना दक्षिणेत ‘तुर्की कॉफी’ आणि उत्तरेत ‘ग्रीक कॉफी’ म्हणू नये. ‘सायप्रस कॉफी’ म्हटले की कप तोच येतो. १९६३-६४ आणि १९७४ मधल्या बेपत्ता माणसांच्या अधिकृत यादीत दोन्ही समाजांची मिळून २००२ नावे होती, आणि अवशेष शोधून ते कुटुंबाकडे सोपवण्याचे काम अजून चालू आहे. समोरचा आपणहून बोलला तर ऐकावे, आपण होऊन कोण बरोबर हा विषय काढू नये.

भारतीय म्हणून दक्षिणेत स्वागत जरा जास्तच होते. इथल्या शांतिसेनेचे तीन सेनापती भारतीय होते : ग्यानी, थिमय्या आणि प्रेमचंद. जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये निकोसियातच वारले आणि सायप्रसने त्यांचे टपाल तिकीट काढले. जून २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेल्यापासून टॅक्सीवाल्यांना नवा विषय मिळाला आहे. तुर्कस्तान-भारत ताणामुळे उत्तरेत त्रास होईल का, असे बरेच जण विचारतात. नाक्यावर पाहतात तो पासपोर्ट आणि नोंद. राजकारणाच्या गप्पा तुम्ही काढल्या नाहीत तर कुणी काढत नाही.

शाकाहारी असाल तर दक्षिणेत ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करा. ग्रीक चर्चच्या उपासाचे मांस-दुधाविना जेवण म्हणजे ते. उत्तरेत ‘एतसिझ’ म्हणजे मांस नसलेले. रस्सा मटणाचा नाही ना, हे मात्र वेगळे विचारा.

कधी जावे

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये निकोसिया चाळिशीला टेकते. तारखाही बघा : १५ आणि २० जुलैला दक्षिणेत पहाटे-सकाळी भोंगे वाजतात, तर २० जुलैलाच उत्तरेत संचलने असतात. १५ नोव्हेंबर हा उत्तरेचा जाहीरनाम्याचा दिवस. त्या दिवशी दक्षिणेतले विद्यार्थी नाक्यांजवळ निदर्शने करतात. या दिवसांत धोका असतो असे नाही, पण नाका तासन्‌तास तुंबू शकतो. म्हणून लार्नाकाहून परतीचे विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम रेषेच्या दक्षिणेलाच ठेवा.